मक्याच्या सालीच्या पिशव्या

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही चाळीस काचा भरल्या. मक्याचा स्टार्च आणि ग्लिसरीन शिजवून खळ मी करायची. मक्याच्या सालीचे तंतू कुटून त्यात मिसळायची ती आई. काचेवर पसरलेली खळ वाळली, की पातळ फिल्म सुटून यायची. तिच्या आम्ही रोपांसाठी पिशव्या करायचो. रोप पिशवीसकट लावा, पिशवी मातीत विरते, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. या एका वाक्याच्या भरवशावर मी शाळेतली नोकरी सोडली होती.

"आज तंतू मी कुटते," मी म्हटलं.

"तू खळीत गाठी होऊ देऊ नकोस, तेवढं पुष्कळ झालं. पुस्तकं वाचून हात वळत नाहीत, बाईसाहेब."

मी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली, ती उठलीच नाही.

तीन आठवड्यांनी नर्सरीवाले काका आले. त्यांनी एक वाळलेलं रोप टेबलावर ठेवलं. "अशी साठ गेली," ते हळूच म्हणाले.

पिशवीचा मागमूस नव्हता, पण मुळांना एक पांढरी जाळी आवळून बसली होती. मी तिचा तुकडा काडी पेटवून ज्योतीवर धरला. साल कागदासारखी जळते, राख होते. हा तुकडा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा, टणक मणी झाला.

मी आईचं कपाट उघडलं. तंतूंच्या पोत्यामागे एक डबा होता. त्यात उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, अगदी बारीक कातरलेला.

पहिल्या वर्षी आमची फिल्म हात लावताच फाटायची. मग एकाएकी फाटेनाशी झाली. "हात बसला आता," आई म्हणाली होती, आणि मी ते कौतुकानं चारचौघांत सांगत सुटले होते.

काका दारात येऊन उभे राहिले. "सालीच्या पोत्यातच भेसळ आली असेल गं. व्यापारी कुठले धुतल्या तांदळासारखे! तुझी आई असलं करायची नाही."

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आई चुकली, असं आमच्या घरात कुणी म्हणत नसे. मी तर कधीच नाही.

"भेसळ आईनंच केली, काका," मी म्हटलं. "तीन वर्षं ती माझ्याशी खोटं बोलली. आणि तेच खोटं तिनं माझ्या तोंडून तुम्हाला सांगितलं."