कान्हेराच्या दाढीवरची खाच

चोपडा तालुक्यात, प्रमिलाबाईंच्या केळीबागेत कानबाई माता प्रकट झाली, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. प्रश्न फक्त जेसीबी किती वाजता येणार, एवढाच होता.

बांधावर गर्दी होती. प्रेमराज महाराज बागेच्या मातीतून निघालेली हिरवट नाणी ओंजळीत धरून दाखवत होते. "इकडून दाढीवाला कान्हेर, देवीचा धनी. तिकडून खुद्द कानबाई, हातात केळीचा घड. भोवती मंत्र. धनाचा हंडा खाली आहे, पण मुळांनी देवी गुदमरतेय. बाग काढा."

बाग निसवलेली होती, घड लोंबत होते. बाग उभी आहे तोवर शेत विकणार नाही, असं प्रमिलाबाई प्लॉटवाल्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आल्या होत्या. आता बाग काढायला त्यांनीच होकार दिला होता.

त्यांची लेक कोकिळा धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. ती धापा टाकत आली, तोवर जेसीबीने पहिली ओळ आडवी केली होती.

"महाराज, एक नाणं द्या बघू."

"आधी चप्पल काढ, ताई," धाकटा भाऊ कुंदन म्हणाला.

तिने चप्पल काढली, नाणं फिरवलं. "माय, हा रोमचा बादशहा हेड्रियन. मागे त्यांची नशिबाची देवी. हातात घड नाही, फळांनी भरलेलं शिंग आहे."

"कान्हेर शे तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बठ्ठा गाव सांगस."

"देवी रोमलाही जाते," महाराज उदारपणे म्हणाले.

"मग दुसरं द्या."

दोन्ही नाणी तिने आईच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही दाढ्यांवर एकाच जागी खाच. "खरी नाणी हातोडीच्या घावाने एकेक पाडत. घाव कधी मधोमध बसे, कधी कलता. दोघांना एकच जखम होत नाही. ही साच्यात ओतलीत. कडेवर नख फिरव."

नखाला सांध्याची रेघ लागली. प्रमिलाबाईंनी तिसरं उचललं. तीच खाच.

कोकिळाने ते तिसरं नाणं डोळ्यांजवळ नेलं. ती खाच तिच्या ओळखीची होती. वर्गात दाखवायची तिची हेड्रियनच्या नाण्याची नक्कल कॉलेजच्या पायरीवर पडली होती, तेव्हाची. दिवाळीत ती नक्कल कुंदनने पोरांना दाखवायला म्हणून मागून नेली होती.

"कुंदन, माझं नाणं कुठंय?"

कुंदनने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी जेसीबीकडे.

"बाग गेली असती, तर शेत विकलं असतंस तू, माय," तो शेवटी म्हणाला.

"या बागले पानी तूच भरस ना रे?"



देवीला मानणाऱ्याने खुशाल मानावं. पण जमिनीतून नाणं निघालं, तर दुसरं मागावं आणि शेजारी ठेवून बघावं. त्याला कॉलेज लागत नाही.

प्रेमराज महाराज पूर्वी नळाच्या तोट्या ओतत. आडव्या ओळीतले घड कच्चे होते.