सभासद क्रमांक शून्य

ग्रंथालयाचे संगणक सांभाळणाऱ्या सर्व्हरकाकांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे मनातल्या मनात कैकदा दिलं होतं, पण मनातलं टपाल कुणाच्या दारी पोहोचत नाही. पत्र त्यांच्या कीबोर्डखाली दडवलेलं होतं. त्यामुळे कीबोर्ड एका कोपऱ्यात डुगडुगायचा आणि ग्रंथपालबाई म्हणायच्या, “काका, नवा मागवू का?” काका घाईघाईने नको म्हणायचे.

खरं तर पत्र त्यांच्या नावाचं नव्हतंच. ग्रंथालयाच्या पेटीत त्यांना सापडलेल्या पाकिटावर होतं, ‘सभासद क्रमांक शून्य यांस’. आत समोरच्या दवाखान्यातल्या दंतवैद्यबाईंचं, डॉक्टरांना मुळीच न शोभणारं, सुवाच्य अक्षर :

‘महाशय, नवं पुस्तक कपाटात लागलं की पहिल्याच दिवशी मी ते नेते. पडद्यावर वाचकांची यादी पाहावी तर माझ्या आधी तुम्ही! गेली कित्येक वर्षं मी दुसरी. तुम्ही खरंच वाचता की नुसती पानं हुंगता? वाचत असाल तर सांगा, त्या दीपगृहाच्या कादंबरीत रखवालदाराने शेवटी दिवा मुद्दाम विझवला की तेल संपलं? मी रोज लोकांची तोंडं उघडते. तुमचंही उघडल्याशिवाय राहणार नाही.’

गोम अशी होती की हा शून्य अस्तित्वातच नव्हता. ग्रंथालयाचा सगळा कारभार सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये चाले. पुस्तकांचा एक तक्ता, सभासदांचा दुसरा, कोणी काय नेलं त्याचा तिसरा, आणि तिन्ही एकमेकांना बांधलेले. काकांनीच ते उभे केले होते. नवं पुस्तक चढवलं की देवघेव नीट नोंदली जाते का, हे तपासायला त्यांनी एक खोटा सभासद घातला. खऱ्यांचे क्रमांक एकपासून सुरू होत, म्हणून याला शून्य दिला.

दुसरा कोणी असता तर शून्याला पुस्तक देऊन, लगेच परत घेऊन मोकळा झाला असता. पण काकांना खोटी नोंद कुसळासारखी टोचायची. शून्याने पुस्तक नेलं असं लिहिलंय, तर कोणीतरी ते न्यायला नको? म्हणून ते पुस्तक घरी नेत, शेवटच्या पानापर्यंत वाचत, आणि मगच परत आल्याची नोंद करून कपाटात लावत. अशा रीतीने नसलेला माणूस गावातला सर्वात मोठा वाचक होऊन बसला.

मग नवा सर्व्हर आला.

“काका, नव्या घरात जुनी जळमटं नकोत,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “हा शून्य कोण?”

“चाचणीचा. खरा नाही.”

“मग उडवा की!”

सुट्टीच्या दिवशी काकांनी आधी सगळ्या डेटाची प्रत काढून ठेवली आणि मग शून्याला पुसण्याची आज्ञा दिली. सर्व्हरने साफ नकार दिला. या सभासदावर इतर नोंदी अवलंबून आहेत, म्हणाला. काकांना हसू आलं. माणूस नाही आणि आश्रित ढीगभर! आधी त्याची वाचनं पुसायची, मग त्याला, असा क्रम लागणार होता. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, शून्य गेला की दंतवैद्यबाई प्रत्येक पुस्तकात आपोआप पहिल्या! त्यांची हौस फिटेल आणि आपल्याला उत्तरही द्यावं लागणार नाही. एका दगडात दोन पक्षी. काकांनी दोन्ही आज्ञा दिल्या, बदल कायम केले आणि शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्यबाई पांढऱ्या कोटातच आल्या. पडद्यापाशी बराच वेळ थांबल्या. आता नाचत येतील, असं काकांना वाटलं. त्या आल्या, पण पाय ओढत.

“कधी गेले हो?”

“कोण?”

“शून्य! सगळीकडून नाव गेलंय त्यांचं. आजारी होते का?”

काका खोकले.

“छातीचं होतं वाटतं,” बाई म्हणाल्या. “आणि माणूस गेला म्हणून त्याचं वाचलेलं पुसून टाकायचं? उद्या मी गेले की माझंही पुसाल?”

“नाही, नाही. पण आता तुम्ही पहिल्या...”

“चुलीत घाला तो पहिला नंबर! एकटीनेच धावायचं तर शर्यत कसली? अहो, अर्धी पुस्तकं मी त्यांच्याशी भांडता यावं म्हणून वाचली. एक पत्रही टाकलं होतं. फार खोचक लिहिलं मी. तेच लागलं असेल का मनाला?” त्यांनी चष्मा पुसला. “घरच्यांचा पत्ता असेल तर द्या. भेटून येते.”

“शोधतो,” काका कसेबसे म्हणाले.

घरी त्यांनी थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. ताईच्या हातातला डाव खाली पडला.

“म्हणजे ती तुझ्या मरणावर रडली आणि तू समोर उभा राहून हो म्हणालास?”

“हो म्हणालो नाही. खोकलो.”

“शाब्बास रे माझ्या वाघा!”

“मला नाही गं जमत असलं. काय लिहू? मत चुकलं तर?”

“चुकू दे. इथे ती बिचारी स्वतःला खुनी समजतेय आणि याला मताची पडलीय!”

सकाळी काकांनी काढून ठेवलेली प्रत उघडली. आधी सभासद, मग त्याची वाचनं, कारण उलट क्रमाने सर्व्हर घेत नाही. शून्य परतला. फक्त नावाच्या रकान्यात या वेळी काकांनी स्वतःचं नाव घातलं.

“काका, हा मेलेला कसा उठला?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“तो खोटा होता. हा मी आहे.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. “एवढी सगळी तुम्ही वाचलीत?” मग सावरून म्हणाल्या, “बरं. सभासद म्हटल्यावर फोटो लागेल. आणि जरा हसरा काढा.”

दुपारी काकांनी कागद घेतला. चार फाडले, पाचवा टिकला.

‘स. न. वि. वि. मी गेलेलो नाही. तुमचं पत्र मनाला लागलं नाही, उलट पुष्कळदा वाचलं. काल तुमच्यासमोर खोकला तोच मी. छाती उत्तम आहे. रखवालदाराने दिवा मुद्दाम विझवला. आदल्याच प्रकरणात तो तेलाचा भरलेला डबा जिना चढून वर नेतो. पहिलं येण्याच्या घाईत ते पान तुमच्या नजरेतून सुटलं असावं. अर्थात, माझं चुकत असेल.’

शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. खाली नाव घातलं, दवाखान्याचा पत्ता घातला आणि रस्त्याच्या टोकाशी असलेल्या टपालपेटीपर्यंत थेट चालत गेले. पाकीट आत सुटलं तोच त्यांना वाटलं, ते घाईचं वाक्य जरा जास्तच झालं. त्यांनी फटीत हात घातला. बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच गेली.