काकांनी भरलेला वॉर्ड

आमच्या काशीराम काकांना गर्दी जमवता येते. सभा असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणाच्या हॉटेलचं उद्घाटन. काकांना फोन गेला की बस भरून माणसं हजर. कामोठ्यात त्यांच्या बिल्डिंगी आहेत, गावाबाहेर वीटभट्टी आहे, आणि घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. माझे बाबा त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, तेसुद्धा नाही. मी जाते. म्हणून माझं नाव दिपिका असलं तरी घरात मला फटाकडी म्हणतात.

नीटच्या परीक्षेत मला सरकारी मेडिकल कॉलेज मिळेल इतके मार्क पडले. फक्त ते लांब मिळणार होतं, घाटापलीकडे कुठेतरी. काकांना ते पसंत नव्हतं. त्यांनी परस्पर इथल्याच एका नव्या खासगी कॉलेजात माझी सीट ठरवून टाकली, कारण तिथले ट्रस्टी त्यांच्या उठण्याबसण्यातले. वर नाक्यावर बॅनरही लावला. 'आमच्या गावची पहिली डॉक्टर', त्याखाली कॉलेजचं नाव, आणि त्याखाली माझ्यापेक्षा मोठा काकांचा फोटो. प्रवेशाचा पत्ता नाही आणि अभिनंदन होऊन गेलं होतं! रिक्षावाले मला डॉक्टर म्हणून हाक मारायला लागले.

सरकारी कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती चुकली की काकांच्या कॉलेजाशिवाय मला काही उरणार नव्हतं. काका तेवढ्याचीच वाट बघत होते.

"घरून जायचं, घरी यायचं," काका म्हणाले. "गाडी हाय, ड्रायवर हाय. आजून काय पायजे तुला?"

"पेशंट पाहिजेत," मी म्हटलं. क्लासमधल्या मुलींकडून मी ऐकलं होतं की तिथलं हॉस्पिटल रिकामं असतं. "वॉर्डात माणसंच नसतील तर मी शिकू कशावर, भिंतींवर? आधी वॉर्ड बघणार. बेड रिकामे दिसले तर मी नाय जानार."

मला वाटलं होतं काका भडकतील. ते हसले. "पेशंटच ना? उद्या सकाली चल." मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी कॉलेजच्या दारात हेतल मॅडम उभ्या होत्या. नव्या मुलामुलींना कॉलेज दाखवणं हे त्यांचं काम. त्यांनी आधी पोहायचा तलाव दाखवला, मग जिम, मग हॉस्टेलच्या एसी खोल्या, मग नवरात्रातल्या गरब्याचे फोटो. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं आवडलं. खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसत होते. मी मनातल्या मनात तिथे माझी पुस्तकंसुद्धा लावून टाकली.

कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. मी तिला विचारलं, "वॉर्डातलं क्लिनिकल पोस्टिंग कसं असतं?"

"एकदम चिल. जायचं, सही करायची, इथे येऊन बसायचं."

"आणि पेशंट तपासायला कधी मिळतात?"

"लॅबमध्ये रबरी पुतळे आहेत ना," ती म्हणाली. हेतल मॅडमनी घाईने मला लिफ्टकडे वळवलं.

आणि वॉर्ड भरलेला निघाला. एकही बेड रिकामा नाही. कुणाच्या हाताला सलाईन, कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणी कण्हतंय. माझं तोंड एवढंसं झालं. उगाच संशय घेतला, आता काकांची माफी मागायला हवी, असं म्हणत मी पुढे गेले, आणि खिडकीजवळच्या बेडवर मला कमळाआत्या दिसली. माझी सख्खी आत्या! आदल्या दिवशी तिने आमच्या अंगणात पापलेटवरून कोळणीशी तासभर भांडण केलं होतं.

"आत्ये, तू इथे कशी? काय झालं तुला?"

"गप रव," ती चादरीआडून म्हणाली. "मला दमा दिलाय. बाजूच्या गंगाबाईला किडनी."

"दिलाय म्हणजे?"

"तुजा काका बोलला, पोरीला पेशंट बगायचे हायेत. मंग? आपल्या पोरीसाठी एवडं नाय करनार? दुपारी जेवान पन हाय."

मी नीट पाहिलं. पलीकडे आमचा दूधवाला, त्याच्या पलीकडे देवळातलं भजनी मंडळ ओळीने झोपलेलं. सलाईनच्या नळ्या हाताला चिकटपट्टीने चिकटवलेल्या. अख्खं गाव माझ्यासाठी आजारी पडलं होतं. मला हसू फुटलं आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापड झाला. मी मागे वळून पाहिलं तर काका दारात उभे राहून मिशीत हसत होते. त्यांना यात काही वावगं वाटतच नव्हतं. पुतणीने पेशंट मागितले, त्यांनी पेशंट आणले.

मी त्यांच्याशी भांडायला निघाले होते, पण वाटेतल्या बेडवर एक बाई खरीच कण्हत होती. बाकीचे कण्हणारे मला बघून थांबले होते, ही थांबली नव्हती. ती मंगळी होती, काकांच्या भट्टीवरची. तिचा नवरा देवजी आणि ती डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतून दरवर्षी कामाला येतात. भट्टीवर हुकूम गेला, तशी तीही बसमध्ये बसली. पोट चांगलंच पुढे आलेलं, तरी तिला हाडांच्या पेशंटमध्ये झोपवून पायाला पट्टी गुंडाळली होती. पट्टी मांसात रुतली होती आणि तिच्या वरखाली पाय टम्म सुजला होता. तोंडही सुजलेलं.

"मंगळी, काय होतंय?"

"डोकं फुटतंय, ताई. डोल्यापुढं समदं पांढरं पांढरं दिसतं."

मी डॉक्टर नव्हते, पण आंधळीही नव्हते. टेबलाशी पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर मोबाईल बघत बसला होता, त्याला मी हाताला धरून आणलं. त्याने लांबूनच पाहिलं.

"ती पेशंट नाहीये," तो म्हणाला.

"मग बेडवर कोण आहे?"

"आजच्यापुरते आणलेत ते. तिचा केसपेपर नाही. आणि बायकांच्या मॅडम गुरुवारी येतात."

"तिला आत्ता त्रास होतोय, गुरुवारी नाही! निदान बीपी तरी बघा!"

तो हेतल मॅडमकडे बघायला लागला आणि हेतल मॅडम काकांकडे. काका पुढे आले. "जेवली की बरं वाटंल तिला. उपाशी आसंल."

"काका, गाडी काढा."

"दिपे, ट्रस्टी साहेब वर थांबलेत आपल्यासाठी."

"थांबू दे. तुम्ही गाडी काढताय, का मी इथे उभी राहून एकेकाचं नाव घेऊ? हा आपला दूधवाला, ही माझी आत्या, हे भजनी मंडळ. मला बोंबलायला लाज वाटत नाही, तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. आत्या आपला दमा सोडून ताडकन उठली, तिने मंगळीची पट्टी सोडली, आणि आम्ही दोघींनी तिला धरून खाली नेलं; बाकीच्यांना घरी न्यायला आत्या मागे थांबली. काकांनी गाडी अशी हाकली की मला क्षणभर त्यांच्यावरचा राग विसरायला झाला.

सरकारी दवाखान्यात बेडवर माणसं, बाकावर माणसं, जमिनीवरही माणसं. औषधांचा आणि घामाचा वास. केस कसेतरी बांधलेली एक मुलगी, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी, मंगळीला बघताच धावत आली. केसपेपर कुठाय, हे तिने विचारलं नाही. तिथेच जमिनीवर गुडघे टेकून तिने बीपी घेतलं, आकडा बघितला आणि एवढ्या मोठ्याने सिस्टरना हाक मारली की काका दचकून मागे सरले.

"बाजूला व्हा ना काका, उजेड अडतोय! आणि तू, उभी काय आहेस? हिला कुशीवर धर. घट्ट धर."

मी धरलं. तिने इंजेक्शन दिलं, वरच्या डॉक्टरांना बोलावलं, बाळाचे ठोके ऐकले. मंगळीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. मोठ्या डॉक्टर आल्या, म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हिला झटके आले असते, आई आणि मूल दोन्ही हातची गेली असती. मी मंगळीचा हात आणखी घट्ट धरला. भीतीने, आणि रागानेही.

ती मुलगी म्हणजे इरा, इंटर्न. घाटापलीकडच्या एका सरकारी कॉलेजातून शिकलेली, माझ्या यादीत ते होतंच. हात धुताना मी तिला विचारलं, "हॉस्टेल कसं आहे तिथलं?"

"एका खोलीत तिघी. डास फुकट."

"आणि वॉर्ड?"

"पहिल्या बाळंतपणाला मी रडले होते," ती म्हणाली. "पण मॅडमनी ते माझ्याच हातांनी करवून घेतलं. आता नाही रडत." एवढं बोलून ती पुढच्या पेशंटकडे गेली.

काका बाहेर पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"वाचली?"

"वाचेल. बाळही."

त्यांनी डोळे मिटले. माणूस वाईट नाही आमचा काका. पण लगेच म्हणाले, "त्या पोरीचं तोंड बगितलंस? झोप नाय, खानं नाय. तुला आसे हाल करून घ्यायचे हायेत? मी तुज्यासाठी आख्खा गाव झोपवला तिथं, दिपे."

"म्हणूनच तिथे जाणार नाय," मी म्हटलं. "काका, तिथे शिकले असते ना, तर उद्या मंगळीकडे लांबून बघून 'ही पेशंट नाही' म्हणणारी डॉक्टर मीच झाले असते. तुम्हाला चाललं असतं. मला चालणार नाही."

मी फोन काढला. पसंतीक्रम भरलेलाच होता, इतके दिवस फक्त घरच्यांसाठी थांबले होते. इराचं कॉलेज मी सगळ्यात वर नेलं, आता शेवटचं 'सबमिट'चं बटण तेवढं उरलं.

"ते बटन दाबलंस," काका म्हणाले, "तर माज्या दारात पाय ठेवायचा नाय."

त्यांच्या डोळ्यांत बघत मी ते दाबलं. मग आत गेले. देवजी अजून पोचला नव्हता आणि मंगळीजवळ कुणीतरी हवं होतं.