तिकिटाचं निवडुंग

बांधावरचं निवडुंग खांदता खांदता माझ्या सासूची कंबर गेली, माझीबी जायला आली, आन् त्या दिशी मी तेच निवडुंग बघाया तिकीट काढून आत गेलते. तिकीट मालकांनी काढलं. मालक म्हंजे आमचे आश्रुबा. तिकिटाचा कागद हातात धरून ते मला म्हणले, "चतुरे, वस्तीवर कुणाला सांगू नको. मेंढरंबी हसतील."

गोष्ट अशी की आमची योगिता दाखवायची होती. पोरगा सोमेश्वर, बीडात ऱ्हातो, क्लासवर पोरांना विज्ञान शिकवतो. आमच्यातलाच हाय, पण त्येच्या आज्यानं मेंढरं इकून बीडात जागा घेतली, तवापासून त्यांच्या अंगाला वास येत न्हाई. पोराला बाप न्हाई, समदा कारभार आईचा. त्या सत्यशीलाबाईनं फोनवर सांगितलं, "घरी नको, कांदेपोहे नकोत. आम्ही रविवारी नारायणगडाला दर्शनाला निघालोय, तुम्हीही या. रस्त्यात नवीन वाळवंट उद्यान झालंय, तिथं बसू. मुलं फिरतील, बोलतील."

मुलं फिरतील, एवढं ऐकलं आन् मी फोन मालकांच्या हातात दिला. कारण आमची योगिता उजव्या पायानं लंगडती.

आता वस्तीवर कुणाच्याबी पायात काटा मोडला की त्यो माझ्याकडं येतो. माझ्या कमरेच्या पिशवीत पानसुपारीच्या आदी चिमटा असतो. योगिता सहा वर्सांची असताना कोकरामागं पळाली आन् टाचेत बाभळीचा काटा मोडला. त्या दिसांत आमी मेंढरं घेऊन लांब गेलतो, रोज नवं वावर, रोज नव्या मालकाच्या शिव्या. पोरगी म्हणायची, आई दुखतंय. मी म्हणायची, बघते थोड्या येळानं. दुनियेचे काटे काढले मी, आन् माझ्या लेकीचा आठ दिस तसाच ठेवला. पू झाला, दवाखान्यात चिरलं, शीर आखडली. टाच अजून भुईला नीट टेकत न्हाई. ह्याची लाज तिला न्हाई, मला हाय.

याच्या आदी दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडं एकच तमाशा. चहा व्हायचा, नाव-शिक्षण इचारून व्हायचं, मंग एखादं म्हातारं खाकरून म्हणायचं, "बाळ, जरा चालून दाखव." तिनं चालून दाखवलं. "आता वळून ये." वळून आली. मंग समदे एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे आन् म्हणायचे, आठ दिसांत कळवतो. ते आठ दिस मी मोबाईल पदराला बांधून फिरायची. कळवलं कुणीच न्हाई. न्हाई म्हणायचं तरी तोंड उघडावं का न्हाई माणसानं? दुसऱ्या खेपेला योगितानं पाव्हण्यांच्या कपबश्या धुतल्या, पालथ्या घातल्या आन् कामाला गेली. वडवणीत एका मेडिकलवर असती ती. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून ह्या खेपेला मी बेत केला. बीडच्या स्टँडवर उतरलो तसं तिला बाकड्यावर बसवलं आन् पिशवीतून पट्टी काढली, दवाखान्यात बांधतात तसली ताणायची. म्हणलं, "पाय पुढं कर. सांगायचं, एस्टीतून उतरताना मुरगळला."

"कावून?"

"कावून म्हंजे? एकदा पोराला तू आवडलीस की मंग पुढचं पुढं."

"आन् लग्न झाल्यावर रोज एस्टीतून उतरू का मी?"

मालक तिकडं तोंड करून हसले. मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते तंबाखू मळाया लागले. माझी पट्टी वाकडीतिकडी बसली होती. योगितानं ती सोडली, आन् मेडिकलवर गिऱ्हाईकाला दाखवावी तशी स्वताच्या पायाला नीट गुंडाळून घेतली. तिनं भांडण केलं असतं तर मला चाललं असतं, पण ही अशी गप नीट बांधून घेतली, ते लई लागलं.

रिक्षानं आमी बागेशी उतरलो. बाग कुण्या माजी सभापतीची हाय म्हणे. जिल्ह्यात पाण्याची बोंब, म्हणून ह्या बाबानं वाळवंटच काढलं, पाणी दिलं न्हाई तरी वाळवंटाला कोण नाव ठेवणार. आत पांढरी वाळू, गुडघ्याएवढी. आमच्याकडं घरकुलाला एक घमेलं वाळू मिळंना, नदीत खडकं उघडी पडली, आन् वाळू समदी इथं येऊन बसली होती. मधोमध शिमिटाचा उंट. त्येचे पाय बनवणाऱ्यानं म्हशीचे बघून बनवले असावेत. आन् भोवतीनं निवडुंगच निवडुंग. उभं, आडवं, केसाळ, गोल. परतेकाच्या म्होरं पाटी. एका भोपळ्याएवढ्या गोल काटेरी गोळ्याम्होरं लिवलं होतं, 'सासूचं आसन'. योगितानं ते वाचून दाखवलं. मी मनात म्हणलं, देवा, पाव्हणीला इथंच बसव.

आमी मुद्दाम अर्धा तास आदी पोचलो होतो. योगिताला उंटाजवळच्या बाकड्यावर बसवली, साडी पायावर सारखी केली. नव्या माणसाला वाटावं, राणीच बसली हाय.

पाव्हणे आले. सत्यशीलाबाईच्या डोळ्याला काळा चष्मा, हातात पर्स. सोमेश्वर उंच, केसांना काईतरी चोपडून उभे केलेले, पायात नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला, चालला की करकर वाजायच्या. पोरगं तसं साधं वाटलं. आमाला दोघांना वाकून नमस्कार केला आन् वाळूत तोल जाता जाता वाचला.

"अगंबाई, पायाला काय झालं?" बाईची नजर पयली तिथंच गेली.

"स्टँडवर मुरगळला बगा," मी म्हणलं. "एस्टीची पायरी लई उंच."

"जास्त आहे का? थोडं तरी चालता येईल ना? नाही म्हणजे, मुलांनी जरा फिरून आलं असतं."

"न्हाई ओ, डाक्टरनं भुईला टेकवू नको म्हणून सांगितलंय." स्टँडवर कोणता डाक्टर बसला होता ते तिनं इचारलं न्हाई, माझं नशीब. योगिता उंटाकडं बघत होती.

मंग सत्यशीलाबाई त्या गोल गोळ्याशेजारी उभी ऱ्हाऊन फोटो काढून घ्यायला लागली. पाटी तिनं वाचली न्हाई. सोमेश्वर आमाला माहिती द्यायला लागला. निवडुंगाचं पान म्हंजे काटा असतो, आन् जे पान वाटतं ते खोड असतं, हे त्यानं आमाला सांगितलं. आमाला! दुष्काळात ह्याच फड्यांचे काटे आरावर भाजून आमी शेरडं जगवली. पण मी मान हलवली. लेकीच्या सोयरिकीत आई मान हलवायलाच असती.

एवढ्यात मालक कुठं तरी गेलते ते आले. तोंड लालभडक. कोपऱ्यात फड्या निवडुंग होतं, आपलं गावठी, त्येला बोंडं लागलेली. मालकांनी वाळूत घोळून घोळून, केसावानी बारीक काट्यांची कूस काढून, चार खाल्ली होती आन् दोन तशीच पंच्यात घेऊन आले होते. वर म्हणतात कसे, "तिकीट काढलंय. फुकट का सोडायची?"

त्यातलं एक बोंड त्यांनी सोमेश्वरम्होरं धरलं. "घ्या पाव्हणं. लई ग्वाड हाय."

आता आमच्यातल्या चार वर्सांच्या पोरालाबी ठावं असतं की बोंड पयलं वाळूत घोळायचं, चांगलं रगडायचं, कूस गेली की मंग सोलायचं. हे कुणी कुणाला सांगत न्हाई. मालकांना वाटलं, आज्याची मेंढरं होती, नातवाला ठावंच असंल. त्यांनी आपला मान म्हणून न घोळलेलं, झाडावरचं जसंच्या तसं बोंड दिलं, पाव्हण्यानं स्वताच्या हातानं घोळावं म्हणून. आन् त्या पोरानं आपलाबी मान म्हणून ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

कूस दिसत न्हाई, नुसती शिरती. पोरानं बोंड टाकलं, हात झटकत मागं सरकला, एक कोल्हापुरी वाळूत रुतून ऱ्हायली, आन् त्येची उघडी टाच मागं पडलेल्या निवडुंगाच्या फड्यावर सगळ्या वजनानं बसली. नुसता एका पायावर उभा ऱ्हायला आन् मंग हळूच वाळूत बसला.

"अरे देवा, सोमू," सत्यशीलाबाई धावली, पण हात लावायचा धीर होईना. टाचेला फड्याच चिकटून आलता.

मी चिमटा काढला, त्येच्या म्होरं बसले, आन् तवा मला कळलं की चाळशी घरी ऱ्हायली. टाच दिसती, काटे दिसंनात. दोनदा चिमटा लावला, दोन्ही बारीला पोरगं कळवळलं. तिसऱ्यांदा चिमटा लावलाच न्हाई. टाच बघितली की मला सहा वर्सांची टाच दिसत होती, दुसरं काय न्हाई.

"आई, सर."

मागं बघितलं तर योगिता बाकड्यावरून उठली होती. उठली आन् चालत आली. उंटापासून आमच्यापर्यंत बारा-पंधरा पावलं, समदी लंगडत, समद्यांच्या डोळ्यांदेखत. वाळूत तिची चाल अजूनच दिसत होती. मी म्हणलं, "अगं, डाक्टरनं..." कुठला डाक्टर?

ती खाली बसली, पोराचा पाय उचलून मांडीवर घेतला. मालकांना म्हणली, "दादा, कुंपणाच्या भायेर रुई हाय, दोन पानं तोडून आणा." पोराला म्हणली, "हात डोक्यावरच्या केसांवर घासा. कूस निघती." पोरानं ते चोपडून उभे केलेले केस पार इस्कटून टाकले. फड्या अलगद सोडवून तिनं एकेक काटा काढला, मोडलेल्या टोकांवर रुईचा चीक लावला, थांबली, परत काढला. पोरगं दात आवळून बसलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण पाय मागं घेतला न्हाई.

मंग तिनं स्वताच्या पायाची पट्टी सोडली आन् त्येच्या टाचेला बांधली.

"अगं, तुला लागेल ना, तुझा पाय," सोमेश्वर म्हणला.

"माझा मुरगळलेला न्हाई. लहानपणी काटा मोडलता. आठ दिस तसाच ऱ्हायला. तवापासून अशीच चालते." तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. राग न्हाई, काय न्हाई, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचावी तसं सांगितलं. "ऱ्हायला तर किती वाईट होतं ते मला ठावं हाय, म्हणून तुमचे समदे काढले."

सत्यशीलाबाईनं काळा चष्मा काढला आन् माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, भुई फाटावी. म्हणलं, "खोटं मी बोलले बाई. पोरीनं न्हाई. आन् काटाबी मीच ठेवलाता." चारचौघांत हे मी पयल्यांदाच बोलले. मालकसुदिक तंबाखू थुंकून नीट उभे ऱ्हायले.

योगितानं गाठ मारली, हाताची वाळू झटकली आन् पोराला म्हणली, "उठा. चालून दाखवा."

सोमेश्वरनं आईकडं बघितलं. आईनं उंटाकडं बघितलं. पोरगं उठलं. एक चपल पायात, एक हातात, टाच उचलून, लंगडत लंगडत त्या गोल गोळ्यापर्यंत गेलं.

"आता वळून या."

वळून आला. कान लाल झालते. योगिता बाकड्यावर जाऊन बसली होती, पाव्हणे बसतात तशी, हात मांडीवर. तिनं त्येला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. माझ्या लेकीला दोन घरच्या लोकांनी कसं बघितलं होतं, ते मला तवा कळलं. मी तवा चहाचे कप मोजत होते.

"तर मग," सत्यशीलाबाई घसा साफ करून म्हणली, आन् तिचा आवाज पयल्यासारखा ऱ्हायला नव्हता, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"आठ दिसांत कळवते," योगिता म्हणली.

आमी गडाच्या रस्त्याला लागलो. रिक्षा मिळाली न्हाई, थोडं चालावं लागलं. ती म्होरं, मी मागं, मालक माझ्या मागं, अजून एक बोंड चोखत. पोरगं फाटकाला धरून एका पायावर उभं ऱ्हाऊन बघत होतं. त्यानं हात हलवला. योगितानंबी हलवला, आन् हसली, ते मी बघितलं.

मी तिला गाठलं. म्हणलं, "आवडलाय ना तुला?"

"हां. रडला न्हाई. आन् आईकडं बघितलं तरी चालला."

"मंग आत्ताच सांगून टाक की. माघारी जाऊ. आठ दिस कशाला?"

ती थांबली. पायातली वाळू झटकली. मंग पयल्यांदा माझ्याकडं बघून म्हणली, "असू दे आई. आठ दिस किती लांब असतात, ते कुणाला तरी कळू दे."