अर्ध्या मैलावरचा शेजार

बर्निसने दुर्बिणीच्या काचा शर्टाच्या टोकाने पुसल्या आणि ती पुन्हा डोळ्यांना लावली. ओहळापलीकडची हिरवी गाडी होती तिथेच होती. कालपासून तिचं दार उघडलं नव्हतं, आत राहणारा माणूस बाहेर दिसला नव्हता. बाहेरची खुर्ची रिकामी, चूल थंड.

"काही हालचाल?" ट्रूडीने तव्यावरची अंडी उलटत विचारलं.

"झोपला असेल."

"काल सकाळपासून? अगं, अस्वलसुद्धा उन्हाळ्यात एवढं झोपत नाही!"

"झोपू दे की. माणसांचा वीट येतो म्हणून तर लोक इथवर येतात. आपण कशाला नाक खुपसायचं?"

म्हणणं रीतीला धरूनच होतं. नेवाडातलं हे सात हजार फुटांवरचं उजाड माळरान सरकारी. कुणीही यावं, हवं तिथे मुक्काम ठोकावा. फक्त आधी कुणी उतरलेलं दिसलं, तर त्याच्या कानाच्या टप्प्यात थांबायचं नाही. रामराम म्हणून स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची आणि पुढे जायचं. सत्तरीला टेकलेल्या या दोघी बहिणी चाळीस वर्षं हेच करत आल्या होत्या.

त्यांचा थोरला भाऊ ग्लेनही तसाच. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यालगत तो आपल्या गाडीत बसल्या बसल्या गेला. तीन दिवस येणारेजाणारे दोन बोटं उचलून पुढे जात राहिले. चौथ्या दिवशी एका गुराख्याने काच ठोठावली. पहिले दोन दिवस तरी जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. बर्निसला त्याहून एक गोष्ट जास्त ठाऊक होती. पहिल्या दिवशी बोटं उचलून पुढे गेलेल्यांत, एकटीच गाडी चालवत असलेली, ती स्वतः होती. गाडी ओळखून, म्हातारा डुलकी काढतोय म्हणून हसलीही होती. हे सांगायला तिची जीभ कधी रेटली नव्हती.

तिने दुर्बीण ठेवली आणि काठी उचलली.

"आता कुठे निघालीस?"

"काडेपेटी मागून आणते."

"आपल्याकडे तीन आहेत!"

बर्निसने मागे वळून पाहिलं नाही. समोर साठ मैलांचं खोरं उन्हात उघडं पडलं होतं आणि पलीकडच्या डोंगरावर अजून बर्फ होतं. वारासुद्धा नव्हता. स्वतःचा श्वास तिला दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू येत होता. एरवी या शांततेसाठी ती वर्षभर झुरायची. आज तिला भीती वाटत होती. जिवंत असू दे रे देवा, ती पुटपुटत राहिली.

दहा पावलांवरून तिला काचेमागचा माणूस दिसला. पांढरी दाढी, ताठ बसलेला, डोळे सताड उघडे. ती काठी रोवून थांबली.

मग ते डोळे हलले. माणसाने सावकाश एक बोट ओठांवर ठेवलं आणि तेच खाली, पुढच्या चाकाकडे दाखवलं.

चाकाच्या सावलीत कुणीतरी घोंगडी टाकली असावी, असं तिला वाटलं. तेवढ्यात घोंगडीचा कान हलला. एक दिवसाचं पाडस होतं ते. बर्निस जागच्या जागी झुडपात खाली बसली.

किती वेळ गेला कोण जाणे. उंचवट्याआडून हरणी आली. थांबली, तिच्याकडे बघत राहिली, एक वळसा घालून पुन्हा थांबली. मग काय वाटलं तिला, सरळ गाडीपाशी आली. पाडस उठलं, लटपटलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईला लुचू लागलं. त्या अफाट माळावर तेवढाच एक चुटुचुटु आवाज. एवढ्या उघड्यावर एवढंसं जगणं, आणि किती निर्धास्त! थोड्या वेळाने हरणी चालू लागली, पाडस धडपडत तिच्यामागे गेलं आणि दोघं झुडपांत दिसेनाशी झाली.

माणूस दार धरून कण्हत उतरला.

"काल सकाळी माझ्या डोळ्यांदेखत जन्मलं. आई चरायला जाते, पाजायला येते. दार उघडायची सोय नव्हती. कॉफी नाही, काही नाही, आणि बाकीचं विचारूच नका. देवाला म्हणत होतो, त्या दुर्बीणवाल्या बायकांना एवढ्यात इकडे यायची सुबुद्धी देऊ नकोस."

बर्निसला हसू फुटलं, आणि हसता हसता ती हुंदके देऊन रडू लागली.

"अहो बाई, मी धडधाकट आहे!"

"दिसतंय," ती म्हणाली, पण रडणं थांबेना. तो गांगरला आणि पाठ फिरवून चूल पेटवायच्या मागे लागला.

तेवढ्यात ट्रूडी धापा टाकत पोचली. "काय झालं? गेला का?"

"नाही गेला. कॉफी करतोय."

"मग रडतेस कशाला?"

बर्निसने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"ग्लेनच्या गाडीजवळून मी गेले होते ट्रूडी. पहिल्याच दिवशी. थांबले नाही."

ट्रूडी समोरच्या झुडपांकडे बघत राहिली. हात मात्र तिने सोडवून घेतला नाही.

"मी दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.