गाडीत आणखी कोण होतं

विम्याचं पत्र आलं तेव्हा मास्तरांनी आधी पाकिटावरचा पत्ता नीट पाहिला. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं आपल्या पेटीत पडलं असेल. पण पत्ता त्यांचा, गाडीचा नंबर त्यांचा, आणि पुढच्या वर्षाचा हप्ता मात्र गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘विमाधारकाच्या चुकीने अपघात.’ मास्तरांनी कपाळाला हात लावला. ज्या माणसाने लाल सिग्नलला कधी पांढऱ्या पट्टीवर चाक टेकू दिलं नाही, त्याच्या कपाळी हे यावं म्हणजे कमालच झाली.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. निम्म्या शहराचा डावा पाय त्यांनीच वळणावर आणला. निवृत्त झाले तेव्हा शाळेचीच जुनी गाडी त्यांनी विकत घेतली. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो जादा ब्रेक तेवढा नियमाप्रमाणे काढून टाकावा लागला; त्याची चार भोकं खाली तशीच राहिली. काचेला चिकटवलेला शाळेचा कॅमेराही राहिला. तो काढायचा कंटाळा केला, एवढंच.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मग काय, सकाळी नऊला मास्तर गाडी काढायचे आणि शिकवणीच्याच रस्त्याने फेरी मारून यायचे. गोल चौक, दवाखान्यामागचा चढ, अरुंद पूल, शाळेजवळचा सिग्नल आणि परत घरी. कुठे जायचं असायचं? कुठेही नाही. पण ती पाऊण तासाची फेरी झाली की दिवसाला बूड यायचं. फेरी चुकली तर दुपारी चारपर्यंत अंगात पायजमाच असायचा, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलेलं होतं.

आता तो अपघात. अपघात कसला, मास्तर शाळेजवळच्या सिग्नलला उभे होते आणि मागून येऊन एका मुलीने धडक दिली. मागचा दिवा फुटला, डिकी आत गेली. मास्तर उतरून मागे गेले. मुलगी वीस-बावीस वर्षांची, लायसन्सची शाई वाळली नसेल, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली आणि चेहरा पांढराफटक. तेव्हा मास्तर म्हणाले, “घाबरू नकोस. चूक माझीच आहे.”

झालं! आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला. पण चौतीस वर्षांची जीभ ती, एका दिवसात कशी वळणार? शिकाऊ माणसाने कुठेही गाडी घातली तरी चूक मास्तरची, हा धंद्याचा पहिला नियम. धक्का बसल्यावर ज्याला पहिल्याच मिनिटाला ‘तुझी चूक’ ऐकावं लागतं, तो पुन्हा गाडीला हात लावत नाही. मास्तरांनी अशी दोन-तीन माणसं गाडी सोडून कायमची पायी फिरू लागलेली पाहिली होती. म्हणून ते वाक्य त्यांच्या तोंडात ‘अरे बापरे’ म्हणावं तितक्या सहज यायचं.

मुलीला त्यांनी आपल्या गाडीत शेजारी बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. तिचा भाऊ येईपर्यंत ती अर्धा तास तिथेच बसली. मधे तिने आपल्या विमा कंपनीला फोन लावला आणि सरळ सांगितलं, ते काका म्हणतायत त्यांची चूक आहे. मास्तर शेजारीच होते. तिला मधेच तोडावं असं त्यांना वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचं लक्षच नव्हतं. किती तरी दिवसांनी त्या सीटवर कुणीतरी बसलं होतं आणि पट्टा कसा लावायचा ते त्यांना विचारत होतं.

पत्र आल्यावर त्यांनी बहिणीला फोन केला. बहीण वयाने धाकटी, पण तोंडाने थोरली. ती म्हणाली, विकून टाक तो डबा, दादा, जातोस कुठे तू एवढा? ते ऐकून मास्तरांनी विषय बदलला. निवृत्तीच्या पैशात दुप्पट हप्ता बसत नव्हता, हे बहिणीचं गणितही बरोबर होतं. महिनाअखेरपर्यंत हप्ता कमी झाला नाही तर गाडी जाणार, आणि गाडी गेली की नऊ वाजता उठून करायचं काय?

मग चार दिवस त्यांनी कंपनीला फोन लावून लावून हात टेकले. पाचव्या दिवशी एक बाई भेटली. आवाजावरून तिशीची असेल, पण कामाला चोख. तिने सांगितलं, सर, तुम्ही चूक कबूल केल्याची नोंद त्या मुलीच्या कंपनीकडून आलीय, पुराव्याशिवाय ती खोडता येत नाही. पुरावा म्हटल्यावर मास्तरांना कॅमेरा आठवला. मागची-पुढची दोन्हीकडची चित्रं त्यात भरत असणार! बाईने अट घातली. अपघाताच्या आधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची पाच, काटछाट न करता पाठवायची, आणि सोबत एक फॉर्म भरायचा.

झेरॉक्सच्या दुकानात मालकिणीने कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकाला लावून दिलं. त्या संगणकाला आवाज नव्हता, पण चित्र लख्ख होतं. चढ, पूल, लाल दिवा, गाडी थांबली, मोजून नऊ सेकंद गेले आणि मग चित्राला हिसका बसला. मालकीण म्हणाली, अहो, ही तर सरळ सरळ तिची चूक आहे. मास्तरांना बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. मुलीला उगाच त्रास नको, तिला अजून भीती असेल, असं त्यांनी फॉर्मखाली जास्तीचं लिहिलं. ‘गाडीत आणखी कोण होते?’ या प्रश्नापुढे ‘कोणी नाही’ लिहिलं आणि सही केली.

आठवड्याने त्या बाईचा फोन आला. मास्तर गाडीतच होते, नुकतेच फेरीला निघत होते. बाई म्हणाली की कंपनीने मान्य केलंय, चूक तुमची नव्हती. अपघात झाल्याची नोंद राहील, त्यामुळे हप्ता थोडा वाढेलच, पण दुप्पट नाही. मास्तरांनी मनात हिशेब केला. ओढूनताणून बसत होता. गाडी राहत होती! त्यांनी बाईचे तीनदा आभार मानले.

“एकच राहिलंय, सर,” बाई म्हणाली. “फॉर्ममध्ये तुम्ही गाडीत कोणी नव्हतं असं लिहिलंय. पण रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही शेजारच्या माणसाशी बोलताय. त्यांचं नाव लागेल. त्यांना काही लागलं असेल तर तेही.”

मास्तर म्हणाले, काहीतरी घोटाळा होतोय, मी एकटाच होतो.

“नाही सर, मी पूर्ण ऐकलंय. पंधराही मिनिटं तुम्ही बोलताय. आरशात बघ म्हणता. क्लच हळू सोड म्हणता. चढावर म्हणता, मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, घाबरू नकोस, मी आहे. सिग्नलला थांबल्यावर शाब्बासही म्हणालात.” मग तिने विचारलं, “ते कोण होते?”

मास्तरांनी शेजारी पाहिलं. सीट होती, दुमडून ठेवलेला रुमाल होता, खाली ती चार भोकं होती. त्यांना आठवेना. आपण बोलतो हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बोललो, की रोजच बोलतो? कान तापले. एवढ्या वयाच्या माणसाला परक्या बाईने असं पकडावं, याची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त दुखलं.

“कोणी नव्हतं,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं कुणी ना कुणी असायचं. आता कोणी नसतं.”

पलीकडे कळफलकाच्या दोन-तीन कळा वाजल्या. मग बाई हळूच म्हणाली, “बरं काका. मी एकटेच असं लिहिते.” आतापर्यंत ती सर म्हणत होती.

फोन ठेवून मास्तर फेरीला निघाले. गोल चौक आला, त्यांनी आरशात पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. दवाखान्यामागच्या चढावर मागच्याने हॉर्न वाजवला, तेव्हा जीभ आपणहून उचलली गेली. त्यांनी ती दातांखाली धरली. पूल गेला. शाळेजवळच्या सिग्नलला लाल दिवा होता. ते पट्टीच्या अलीकडे अगदी बरोबर थांबले, आणि कुणालाच काही म्हणाले नाहीत.