निळी लड, काळी लड

अकोल्याच्या कापूसबाजारामागं नत्थुजीच्या अंगणात एवढी गर्दी लोटली, की कुंपणाच्या तुराट्या मोडल्या. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडी कापसाचा भाव चढला होता आणि भावाच्या वासानं धुनीगिर बुवाही आला होता.

नत्थुजी जन्माचा कापूसपारखी. यंदा मात्र त्याला घरचा पांढराशुभ्र कापूस पिवळट दिसू लागला. बुवानं निदान केलं, "सून चेटकीण हाय! कापसाची सफेदी पिऊन राहिली!"

त्यानं सुताच्या दोन लडी पुढं केल्या. "एक निळी, एक काळी. निळी कोणती? बोलो!"

नत्थुजीनं डोळे ताणले. "दोन्ही काळ्याच, महाराज."

झालं! सुनेच्या, शकुनच्या, पाठीवर ओल्या दोराचे फटके बसले. कातडी फाटली.

"मामाजी, मले दिसते जी निळी!"

"चेटकिणीले दिसनारच," बुवा गरजला. धुनीत तापून लाल झालेला चिमटा त्यानं नत्थुजीच्या हाती दिला. "घाल तिच्या डोळ्यात. सफेदी वापस येते."

नत्थुजीचं पाऊल पुढं पडलं. तोच त्याच्या मनगटावर काठी बसली. चिमटा खाली पडला. थोरली बहीण तानुबाई!

"नत्थ्या, कावून मारून राहिला तिले?"

तानुबाईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू वैदूनं सुईनं खाली ढकलला होता. तिनं लडी नाकाशी धरल्या. उजवा डोळा झाकला. "दोन्ही काळ्या." मग डावा झाकला. "ही निळी! चेटकीण का एकाच डोळ्यात बसते?"

ती बुवाकडं वळली. "तुमचेबी केस पिकले, महाराज. सांगा निळी."

बुवाची बोटं लडीच्या टोकाशी चाचपडली. "ही."

"खुणेची गाठ लागली वाटते बोटाले!" तानुबाईनं गाठ दातांनी तोडली, पाठीमागं लडींची अदलाबदल केली. "आता सांगा."

बुवानं काळी उचलली. "ही निळी."

पोरंसोरं खदखदली. तानुबाई म्हणाली, "मंग तुमच्या घरची कोणती सून चेटकीण, महाराज?"

तोच ओला दोर आता बुवावर उठला. त्याचं नाक फुटलं. गर्दीला पाठ हवी असते. कोणाची, ते ती विचारत नाही.

"पुरे!" शकुन ओरडली. "आधी मले पानी द्या."

पाणी नत्थुजीनं आणलं. ती त्याच्याकडं न बघता प्याली.

यात चेटूक कुठलं? वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, पांढरं पिवळट आणि गडद निळं काळं दिसतं. तानुबाईच्या उजव्या डोळ्यात वैदूच्या सुईनं ते भिंगच बाहुलीमागून सरलं, म्हणून निळं परतलं. तेव्हा बाप्पांनो, रंग बिघडला वाटला तर आधी आपलं वय आठवा, मग घरातल्या तरुणाला विचारा.

नत्थुजीनं दुसऱ्या दिवशी तेच केलं. मूठभर कापूस दारातून आत धरला. "पोरी, पांढरा हाय का?"

पाठीवर हळद थापून पालथी पडलेल्या शकुननं मान वळवून कापूस पाहिला.

"पांढरा हाय," ती म्हणाली. "कालबी पांढराच होता."